दुष्काळ आभाळातला, तहान गावाने वाटलेली

हवामान बदलले, आता घरोघरी पाणी साठवा, असा सल्ला आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना मिळतो. साठवायचे कशात? त्याला पक्के छप्पर, अंगण, टाकी लागते. आमच्या वस्तीत चार घागरी ठेवायला जागा नाही. जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटरचे वचन दिले. पण टाकी गावठाणात आणि वस्ती पाइपलाइनच्या शेवटाला. पाणी घटले की शेवटचाच नळ आधी कोरडा पडतो. हाही निसर्गाचाच कोप म्हणायचा? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते तहान भागवायला नव्हे, हक्क बजावायला. तोच हक्क मी मागतो: साठवण टाकी वस्तीत बांधा, पाइपलाइन तिथून सुरू करा आणि व्हॉल्व्हची चावी वस्तीतल्या बायांच्या हाती द्या.