गोधडीतला उजेड

मध्यंतरी कळंबचे एक आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, पोराला शक्तीचं औषध द्या. पुस्तक उघडलं की डुलक्या घेतो." मुलगा मंचरला महाविद्यालयात, द्वितीय वर्षाला, मागच्या परीक्षेत दोन विषय राहिलेले. तपासणीत काही दोष आढळला नाही. "रात्री झोपतोस किती वाजता?" मुलगा गप्प. उत्तर आजोबांनी दिले, "वीज रात्रीची असली की कांद्याला पाणी द्यायला मी दोनला उठतो. तेव्हा याच्या गोधडीत उजेड असतो."

निदान तिथेच झाले.

इंटरनेट हा काही शत्रू नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत मोबाइल हेच मुलांचे महाविद्यालय होते. प्रश्न आहे तो मोबाइलवर गेलेले तास कोणाच्या वाट्याचे, हा. ते झोपेच्या वाट्याचे असतील, तर अभ्यासाची हानी ठरलेलीच.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी 1924 साली दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला दिली. तेवढेच तास जागे राहिल्यावर जितके आठवले, त्याहून अधिक झोपेनंतर आठवले. म्हणजे वाचन हा अभ्यासाचा पूर्वार्ध आणि झोप हा उत्तरार्ध. शिवाय पडद्याचा प्रखर उजेड मेंदूला अजून दिवसच आहे असे भासवतो. झोपेची वर्दी देणारे मेलॅटोनिन उशिरा स्रवते. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप हवी.

घरातील वडीलधाऱ्यांना येथे बरेच करता येते. रात्री दहानंतर सर्वांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवावेत, आजीआजोबांचेही. उठण्यासाठी गजराचे घड्याळ आणावे. झोपेची वेळ एका रात्रीत मागे येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी ती पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणावी, उठण्याची वेळ मात्र ठरलेली असावी. संध्याकाळनंतर चहा नको. आणि मध्यरात्री रागावू नये. बोलायचे ते दिवसा, शांतपणे.

आजोबांना बाहेर बसवून मी मुलाला पुन्हा विचारले. तो म्हणाला, "पडलो की राहिलेले विषय आठवतात. म्हणून मोबाइल बघतो." अपयशामुळे जागरण आणि जागरणामुळे अपयश, असे ते चक्र होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात केवळ आळस दिसतो. मोबाइल दूर ठेवूनही झोप लागत नसेल, मूल अबोल होत असेल, जेवण तुटले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो.

शक्तीचे औषध मी दिले नाही. आजोबांना एवढेच सांगितले, "रात्री उजेड दिसला तर ओरडू नका. सकाळी चहा घेताना त्याच्याजवळ बसा आणि विषय कोणते राहिलेत, ते विचारा."