ट्रॉफी नको, डिपॉझिट द्या!

बारावीचे निकाल लागले की पेण-रोह्याच्या बौद्धवाड्यांमध्ये गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. विहारात किंवा समाजमंदिरात मुले-पालक जमतात. त्रिसरण-पंचशील होते, प्रतिमांना हार घातले जातात, आणि मग एकेक नाव पुकारून विद्यार्थ्यांच्या हातात ट्रॉफी, प्रमाणपत्र आणि वह्या दिल्या जातात. प्रमुख पाहुणे माईकवरून सांगतात : मोठ्या शहरात जा, खूप शिका, चैन करू नका, काटकसरीने राहा. टाळ्या पडतात, फोटो निघतात.

सत्काराला आमचा विरोध नाही. मुलाचे कौतुक झालेच पाहिजे. पण काटकसरीच्या उपदेशाला आमचा ठाम विरोध आहे. ज्या घरात आई-बाप रोजंदारीवर आहेत किंवा धाटाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहेत, त्या घरातल्या मुलाला काटकसर शिकवायची गरज नाही. आपल्या मुलांचे शहरातले बजेट कोसळते ते पहिल्या महिन्यात, कारण खर्च आधी करावा लागतो आणि पैसे फार नंतर येतात. मधली दरी भरायला घरात काही नसते. या दरीवर समाज म्हणून आपण बोलत नाही, म्हणून हा लेख.

हिशोब मांडून पाहू. समजा, रोह्याच्या मुलाला नवी मुंबईत प्रवेश मिळाला. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून कॉट बेसिसवर जागा पाहिली. भाडे महिना ५,००० रुपये, डिपॉझिट दोन महिन्यांचे म्हणजे १०,०००. मेस ३,५००. रेल्वेचा पास आणि रिक्षा ५००. गादी, चादर, बादली, ताट-वाटी २,०००. पुस्तके, झेरॉक्स, फॉर्म, फोटो १,५००. एकूण झाले २२,५०० रुपये. यात कॉलेजची फी धरलेली नाही, एजंटची दलाली धरलेली नाही. पुढच्या महिन्यांत भाडे, मेस, प्रवास आणि मोबाईल-औषध-साबण मिळून १०,००० लागतात. तुमच्या शहरात आकडे कमी-जास्त असतील, पण सगळीकडे एक गोष्ट सारखीच : पहिला महिना दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असतो.

आता जमेची बाजू. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे वर्षाला ६०,००० रुपये : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,०००, निर्वाहासाठी ८,०००. इतर महानगरपालिका क्षेत्रात ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ही योजना फुकटची मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे, आणि ती मिळवलीच पाहिजे. पण आकडे नीट वाचा. निवासाचे २०,००० दहा महिन्यांत वाटले तर महिना २,००० होतात. नवी मुंबईत २,००० रुपयांत कॉट कुठे मिळते, ते ठरवणाऱ्यांनी दाखवावे. वरच्या हिशोबात दहा महिन्यांचा चालू खर्च १,००,००० होतो. म्हणजे पूर्ण ६०,००० मिळाले तरी ४०,००० घरूनच यायचे.

त्याहून मोठी अडचण तारखेची. अर्ज, छाननी, निवड, हजेरी, आधारशी जोडलेले बँक खाते हे सगळे झाल्यावर पैसे येतात. घरमालक मात्र किल्ली देण्याआधी डिपॉझिट मागतो आणि मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ घेतो. तेव्हा आई बचत गटातून उचल घेते, नाहीतर मायक्रोफायनान्सच्या कर्जावर सही करते. मुलगा शहरात पोहोचतो आणि गावात आठवड्याचा हप्ता सुरू होतो. दिवाळीपर्यंत दोन हप्ते थकले की मुलाला फोन जातो, 'बाळा, थोडे दिवस घरी येऊन कामाला लाग, मग पुन्हा जा.' ते 'पुन्हा' बहुतेक वेळा येत नाही. कागदावर त्याची नोंद 'गळती' अशी होते.

मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. डिपॉझिट नाही म्हणून तिला सांगितले जाते, 'तू अप-डाऊन कर.' पेणहून पनवेल त्यातल्या त्यात जवळ आहे. रोह्याहून अंतर दुप्पट, गाड्या मोजक्या, आणि एक गाडी चुकली की प्रॅक्टिकल बुडाले. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्याचा फायदा जरूर होतो. पण रोजचे चार-पाच तास रस्त्यावर जातात, ते कोणत्या बजेटमध्ये धरायचे? पैसे वाचले असे घर म्हणते. तिचा अभ्यास आणि झोप त्यात खर्च झाली, हे कुणी मांडत नाही.

काटकसरीची गोष्ट निघाली की आपल्याकडे बाबासाहेबांचे लंडन सांगितले जाते. अर्धपोटी राहून अभ्यास केला, हे खरेच आहे. पण त्या कथेचा दुसरा अर्धा भागही सांगा. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियात गेले, १९१६ मध्ये लंडनला आले, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. बुद्धी कमी पडली नव्हती, काटकसर कमी पडली नव्हती. पैसे संपले होते. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते कशाच्या जोरावर? सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज. बाबासाहेबांसारख्या माणसालाही शहरात टिकायला पाठीशी कुणीतरी लागले. मग आपण अठरा वर्षांच्या पोराला एकटे का सोडतो?

बाबासाहेबांनी हा धडा संघटनेत उतरवला. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. झोपायला जागा आणि दोन वेळचे जेवण याशिवाय आपला विद्यार्थी शहरात शिकू शकत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आणखी एक खर्च कुठल्याही बजेटच्या तक्त्यात नसतो, तो म्हणजे आडनावाचा. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांकडे नोकरी होती, भाडे देण्याची तयारी होती, तरी खोली मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते पारशी सराईत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज काठी नसते. आज फोनवर 'आडनाव काय?', 'गाव कुठले?', 'नॉनव्हेज खाता का?' असे विचारतात आणि 'जागा आत्ताच गेली' असे सांगतात. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची अशीच तपासणी केली. दलितांना सवर्णांपेक्षा कितीतरी जास्त नकार मिळाले, मुस्लिमांना त्याहूनही जास्त, आणि काहींना घर मिळाले ते जादा भाड्याने किंवा जाचक अटींवर. चार दारे बंद झाली की पाचव्या दारावर घासाघीस करता येत नाही. जे मागतील ते द्यावे लागते, नाहीतर स्टेशनपासून लांब जावे लागते. जात अशी दरमहा भाड्यात वसूल होते.

यावर उपाय काय? सरकारकडे आमच्या दोन मागण्या आहेत. एक, स्वाधारचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित होताच मिळाला पाहिजे. दोन, ही रक्कम महागाईशी जोडली पाहिजे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो, मग विद्यार्थ्याचा डबा महाग होत नाही का?

पण सरकार देईल तेव्हा देईल. या जूनमध्ये जाणाऱ्या मुलाचे काय? कोकणातल्या बौद्धवाड्यांकडे एक ताकद आहे : ग्रामीण मंडळ आणि मुंबई मंडळ. जयंतीसाठी, विहाराच्या बांधकामासाठी, मयतीच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करण्याची शिस्त आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्याच शिस्तीवर 'पहिला महिना निधी' उभा करा. मंडळात ६० सभासद असतील आणि प्रत्येकाने महिना १०० रुपये दिले, तर वर्षाला ७२,००० जमतात. वरच्या हिशोबाने तीन विद्यार्थ्यांचा पहिला महिना त्यातून निघतो.

नियम साधे ठेवा. रक्कम बिनव्याजी उसनी द्यायची. डिपॉझिट थेट घरमालकाच्या खात्यात भरायचे, आणि जागा सोडताना ते मंडळाकडे परत. बाकीची रक्कम स्वाधार आल्यावर फेडायची. निम्मी मदत मुलींसाठी राखून ठेवायची. हिशोब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लावायचा. आणि पैसे कुठे ठेवायचे, याचे भान ठेवा. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांचे काय झाले, हे पेणकरांना सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. म्हणून राष्ट्रीयीकृत बँक किंवा पोस्ट, आणि तिघांच्या सह्या.

'सरकारचे काम आपण का करायचे?' असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न बरोबर आहे, पण मोर्चाला येणारा विद्यार्थी आधी कॉलेजात टिकला पाहिजे. निधी उभा करणारे मंडळच उद्या समाजकल्याण कार्यालयात आकड्यांनिशी भांडू शकेल : आमच्या इतक्या मुलांना आम्ही इतके दिवस सांभाळले, तुमचे पैसे कुठे आहेत?

जाणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, तुम्हाला तीन गोष्टी. प्रवेशाआधी कॉलेज कोणत्या महानगरपालिकेच्या हद्दीत आहे ते पाहा. पनवेलची महानगरपालिका २०१६ पासून वेगळी आहे आणि स्वाधारचा दर हद्दीप्रमाणे बदलतो. शासकीय वसतिगृहाचा अर्ज आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता तयार ठेवा. आणि वहीत खर्चाच्या आकड्याशेजारी तारीख लिहा : पैसे कधी जाणार, कधी येणार. मधल्या दिवसांची जबाबदारी तुमची एकट्याची नाही. ती मंडळापुढे मांडा, न लाजता मांडा.

येत्या गुणगौरव सोहळ्याची बैठक तुमच्या वाडीत लवकरच होईल. ट्रॉफीच्या ऑर्डरचा विषय निघेल, तेव्हा हा विषय त्याच्या आधी घ्या.

जय भीम!