वेळ कसा काढता म्हणे!

कुठंही बोलायला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "एवढी शेती सांभाळून लिहायला वेळ कसा काढता?" विचारणारा मनानं चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. खोट प्रश्नातच आहे. वेळ काय विहिरीतलं पाणी आहे, पोहरा सोडला की वर यायला? वेळ कुणाचा तरी असतो. तो त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो, नाहीतर पैसे देऊन.

हवेत बोलत नाही, माझा आठवडाच सांगतो. तो सोमवारी सुरू होत नाही, मोटारीच्या विजेवर सुरू होतो. तीन दिवस वीज दिवसा, चार दिवस रातची. रातची असली की बाराच्या पुढं कांद्याला पाणी द्यायला रानात जायचं. एक वाफा भरला की दारं मोडून पाणी दुसऱ्याला लावायचं. मधे पाच-सात मिनिटं मिळतात. डोक्याला बॅटरी बांधून, मांडीवर वही घेऊन बांधावर बसून बघितलंय मी. एक ओळ होते आणि दुसऱ्या ओळीला पाट फुटतो. एखादी कविता होईलही तेवढ्यात. तीनशे पानांच्या कादंबरीला सलग बसावं लागतं. काल सोडलेलं माणूस कुठं उभं होतं, त्याच्या तोंडात काय बोलणं होतं, हे सगळं डोक्यात धरावं लागतं. दारं धरता धरता ते धरता येत नाही.

म्हणून दिवसाच्या विजेचे तीन दिवस पहाटे चार ते सात मी लिहितो. आठवड्याचे नऊ तास. त्यातले दोन-तीन मागचं वाचण्यात जातात. पानं होतात सहा, लई झाली तर सात. आणि त्या नऊ तासांत आमच्या दोन म्हशी काय आपोआप पिळल्या जात नाहीत. शेण काढणं, वैरण, धारा, डेअरीला दूध घालणं, सगळं आमची कारभारीण करते. तिच्या गुडघ्याला सूज आहे. माझ्या कादंबरीत जी पहाट आहे, ती तिची आहे. पुस्तकावर नाव मात्र माझं एकट्याचं.

वाचन रात्री जेवणं झाल्यावर. ती चौथी शिकलेली. तूर निवडत बसते आणि मी मोठ्यानं वाचतो. उद्धव शेळक्यांची 'धग' वाचली तेव्हा आमची सोलापूरकडची बोली आणि ती वऱ्हाडी, पण एका शब्दाला तिनं अर्थ विचारला नाही. एके रात्री एवढंच म्हणाली, "कौतिकला बसायला कुणी सांगतच न्हाई का वो?" समीक्षा मीही वाचतो, पण एवढ्या थोडक्यात नाही. मुलगा-सून पुण्याला. रविवारी नातू फोनवर विचारतो, "आबा, तुझ्या पुस्तकात वाघ हाय का?" नाही म्हटलं की फोन आईकडं देतो.

आता दुसरं बोलणं ऐका. शहरातले काही जाणकार म्हणतात, तुमचं लेखन मातीतून उगवलेलं आहे. हे कौतुक नव्हे. मातीतून तण उगवतं. पीक घ्यायला नांगरट लागते, बी लागतं, खुरपणीला माणसं लागतात. मग हे लोक बहिणाबाईंचं उदाहरण देतात, की बघा, त्यांना तर लिहितासुद्धा येत नव्हतं. खरं आहे. पण घरात सोपानदेव होते म्हणून गाणी कागदावर आली, आणि पुस्तक निघालं 1952 साली, बाई गेल्यानंतर. जेवढी उतरून घेतली तेवढीच आपल्याला मिळाली. जात्याबरोबर किती दळली गेली, त्याचा हिशेब कोण देणार? आणि ज्या गावात लिहून घेणारा पोरगा नव्हता, तिथल्या बाईचं काय? बहिणाबाईंचं नाव घेऊन आमच्या फुकट लिहिण्याची सोय लावू नका.

फुकटचं सांगायचं कारण असं. माझी पहिली कादंबरी घेऊन एका प्रकाशकाकडं गेलो. त्यानं छपाईचा खर्च माझ्याकडंच मागितला आणि वर 'ग्रामीणला उठाव नाही' म्हणाला. त्यापेक्षा तालुक्याच्या छापखान्यात मी पाचशे प्रती स्वतः छापल्या. कांद्याची पट्टी आली होती, ती सगळी गेली. बाजाराच्या दिवशी, जत्रेत, संमेलनाच्या मंडपाबाहेर पिशवीतून विकल्या. चार वर्षं लागली, पण संपल्या. ग्रामीणला उठाव नाही हे मी मानत नाही. उठाव करायला कुणी उठत नाही, एवढंच.

आणि मंडपाच्या आत काय चालतं? मंडपवाल्याला पैसे, कर्णेवाल्याला पैसे, जेवणाच्या आचाऱ्याला आगाऊ पैसे. ज्याला बोलवायचं त्याला शाल आणि नारळ. मी दिवसभर गेलो की घरी पाण्यावर माणूस लावावा लागतो. तो पाचशे रुपये घेतो, आणि बरोबर घेतो. म्हणजे माझं भाषण मीच विकत घेऊन तुम्हाला ऐकवतो. घरी नऊ शाली झाल्यात. थंडीत शेळीची करडं गुंडाळायला त्या कामाला येतात. कारभारीण म्हणाली, "शाली लई झाल्या. एखादी पायली ज्वारी द्या म्हनावं."

1885 साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण धाडलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. दोनच वर्षं आधी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला होता. त्यांचं भांडण लई मोठं होतं, माझं पोटापुरतं आहे. पण बोलावलं म्हणजे जायलाच पाहिजे असं नाही, हे त्यांच्यामुळं कळलं.

आता फोन आला की मी आधी दर सांगतो. दोन हजार रुपये आणि येण्याजाण्याचं भाडं. पुस्तकांच्या टेबलाला जागा. शाल नको. परवा एका कार्यक्रमवाल्याला हे सांगितलं तर तो थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "तुम्ही तर शेतकरी ना?" मी म्हणालो, "हो, म्हणून तर." कमिटीला विचारून कळवतो म्हणाला. अजून कळवलं नाही. कार्यक्रम गुरुवारचा आहे, आणि या आठवड्यात गुरुवारी वीज रातची आहे.