विक्रीच्या पाटीआधी

घर विक्रीस निघाले म्हणजे दलाल खोल्या मोजतो, गिऱ्हाईक चौरस फूट मोजते. त्या भिंतींआड कोण राहून गेले हे विचारण्याचे कारण दोघांनाही नसते. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे विटांचे घर २०१४ मध्ये विक्रीस निघाले, तेव्हा तेही अशाच एखाद्या व्यवहारात विरून जाण्याचा संभव होता. परंतु लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सिद्ध करीत असताना, १९२१-२२ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहिले होते आणि ही नोंद भिंतीवरील निळ्या पट्टिकेने जपली होती. ब्रिटनमधील त्यांच्या अनुयायांनी महाराष्ट्र शासनास सावध केले व २०१५ मध्ये शासनाने ते घर विकत घेतले. पुढे काही शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, स्थानिक कौन्सिलने संग्रहालयास परवानगी नाकारली. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली.

स्मारकाचा पाया खरेदीच्या पुष्कळ आधी, नोंदीत घातला जातो, हा या प्रकरणाचा आमच्या मते खरा बोध होय. आपल्या शहरांतील वाडे व चाळी आज पुनर्विकासाच्या वाटेवर उभ्या आहेत. तेथे कोण राहिले, कोणते कार्य उभे राहिले, हे महापालिकांनी आताच शोधून दारावर लिहावे. विक्रीची पाटी लागल्यावर इतिहास धुंडाळणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.