रात्री दहाला बघायचं घर

सांगलीहून मावशीचा फोन आला. “मे महिन्यात आठ दिवस येतो. नातवाला राणीची बाग, म्युझियम, समुद्र दाखवायचाय. तुमच्या दोन खोल्यांत गर्दी नको, भाड्याने एखादा फ्लॅट बघ. साधा असला तरी चालेल, पण तुझ्या काकांना रात्रीची झोप मिळाली पाहिजे.”

काम सोपं वाटलं होतं. दादरला एक फ्लॅट पाहिला. गल्लीतला, हवेशीर, दुपारी अगदी निवांत. हो म्हणणारच होतो, पण जिन्यात वॉचमनशी बोललो. तो म्हणाला, “साहेब, एकदा रात्री या.” रात्री गेलो. मागच्या भिंतीला लागून जुनी इमारत पाडून पुनर्विकास चालू होता. दिवसा अवजड गाड्यांना वेळेचं बंधन असल्याने काँक्रीटचे ट्रक रात्री येत होते. बेडरूमची खिडकी नेमकी त्याच बाजूला होती.

तेव्हापासून मी घरं रात्री दहाला बघू लागलो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतही रात्र दहालाच सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम कागदावर असतो, रात्र मात्र आपल्याला काढायची असते.

मग नवी मुंबईतल्या उलव्यात सातवा मजला पाहिला. वरच्या मजल्यावर आवाज कमी, ही माझी समजूत तिथे मोडली. खाली कुंपणं, शेजारच्या भिंती आवाज अडवतात, वर तो थेट खिडकीशी येतो. समोरच्या टर्फवर दिव्यांच्या उजेडात क्रिकेट रंगलं होतं आणि प्रत्येक चेंडूमागे आरोळी उठत होती.

परतताना मनात आलं, ज्या इमारतींत मी शांतता शोधतोय, त्यातल्या कितीतरी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. नवी मुंबईसाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. दिबा उरणजवळच्या आमच्या जासई गावचेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत मिळू लागला, त्यामागे त्यांचं रक्त आहे. १९८९मध्ये इथलं बंदर सुरू झालं, जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल आली, आता विमानतळही आहे. सोयी आल्या, त्यांच्याबरोबर आवाजही आला. आमच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस धावतात.

शेवटी घर सापडलं ते जासईतच. रस्त्यापासून आत, गावठाणात, एका आजींच्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आंबा. रात्री दहाला गेलो, तेव्हा आजी ओट्यावर बसल्या होत्या. “आजी, इथे रात्री झोप लागते ना?” मी विचारलं. त्या क्षणभर थांबल्या. “वारा रस्त्याकडून आला की हॉर्न ऐकू येतो. आणि लग्नसराई आहे, हळदीच्या रात्री गाणी वाजतील. पाहुण्यांना आधी सांगून ठेव. मागच्या खोलीत झोपले तर त्रास कमी होईल.”

इतक्या दिवसांत स्वतःच्या घराची उणीव मोकळेपणी सांगणाऱ्या त्याच पहिल्या. मी तिथेच आगाऊ पैसे दिले.

मावशी-काका आले. काका मागच्या खोलीत झोपले. शेमटीखार स्थानकातून लोकलने सगळे मुंबईला गेले, एकदा मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यालाही. नातवाला राणीच्या बागेपेक्षा लाँच आवडली. पाचव्या दिवशी पहाटे काका ओट्यावर आजींबरोबर चहा घेत होते. “झोप लागली?” मी विचारलं. “लागली. एकदाच हॉर्नने जाग आली,” काका म्हणाले. आजी हळूच बोलल्या, “खाली पुढच्या खोलीत मी असते. मला रोज येते.”

आठ दिवसांच्या पाहुण्यांसाठी मी महिनाभर शांतता शोधली. आजींसाठी ती कधी कुणी शोधली? जमीन याच माणसांनी दिली, आवाजही तीच सोसतात. गावाजवळून जाताना ट्रेलरचालकाने हॉर्नवरचा हात काढला, हळदीचा डीजे दहाला थांबला, तर त्यात खर्च काहीच नाही. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. आजींना बरोबर नेणार आहे. कुठल्या वाऱ्याला किती वाजता जाग येते, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार?