बोटीची किंमत, माणसाची किंमत

बँकेत तारणाचे मूल्य ठरवणे हे माझे रोजचे काम होते. वस्तू शाबूत असतानाची किंमत आम्ही धरायचो. अमेरिकेतला १८५१चा सागरी कायदा उलटा हिशेब मांडतो : दोष मालकाला ठाऊक नसेल, तर त्याचे देणे अपघातानंतर उरलेल्या जहाजाच्या किमतीपुरतेच. 'टायटॅनिक'च्या मालकांनीही याचाच आधार घेतला. उरल्या होत्या त्या जीवनरक्षक होड्या!

२ सप्टेंबर २०१९च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' ही हौशी पाणबुड्यांची बोट जळाली. ३४ जण गेले. त्यांत भारतीयही होते. रात्री गस्त घालायला कोणी जागे नव्हते. सगळे मृतदेह हाती येण्याआधीच, तिसऱ्या दिवशी, मालक कोर्टात गेले : बोटीची किंमत शून्य, सबब देणेही शून्य.

नातेवाईक मात्र हटले नाहीत. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकी संसदेने लहान प्रवासी बोटींची ही सवलत काढून घेतली. पण बदल पूर्वलक्षी नाही. ज्यांनी तो घडवला, त्यांना त्याचा लाभ नाही.

'पैशाने माणूस परत येतो का?' असे आपल्याकडे हटकून विचारतात. नाही येत. पण भरपाई म्हणजे दुःखाचा मोबदला नव्हे. तो निष्काळजीपणाचा खर्च आहे. तो मालकाच्या खात्यावर पडला नाही, तर रात्रीचा पहारेकरी त्याला महागच वाटणार. म्हणून दावा लावणाऱ्या आईबापांना लोभी म्हणू नये. पुढच्या बोटीत बसणाऱ्या परक्या पोरांसाठीही ते भांडत असतात.