बुडालेल्या गावांवरचा जलविहार

समुद्र सह्याद्रीच्या कड्याखाली, कोकणपट्टीच्या पलीकडे आहे. तरीही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्याला एक लांबलचक, खडकाळ किनारा लाभला आहे. घोड नदीवरील डिंभे, कुकडीवरील माणिकडोह आणि माळशेज घाटालगतचे पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी डोंगरांच्या सोंडांमध्ये शिरले. जेथे भातखाचरे होती तेथे आखाते झाली आणि जेथे टेकड्या होत्या तेथे भूशिरे व बेटे दिसू लागली. या किनाऱ्यावर आता शहरातील सुखवस्तू वर्गाची दृष्टी गेली आहे. दुटोकी वल्ह्याने वल्हवायच्या निमुळत्या होड्या, म्हणजे ‘कयाक’, मोटारीच्या टपावर बांधून आणायच्या, धुक्यातून तासभर जलविहार करायचा, सूर्योदयाची छायाचित्रे टिपायची आणि दुपारी पुणे-मुंबईला परतायचे, अशी ही नवी हौस आहे.

हौसेला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो हौसेमागून येणाऱ्या अर्थव्यवहाराला. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आले आणि जमीन, पाणी व हवा या तिन्हींवरील साहसी उपक्रमांना नोंदणीच्या चौकटीत आणण्यात आले. नियमन हवेच. परंतु ज्या पाण्यावर हे सारे चालावयाचे, ते पाणी कोणाच्या घरावर उभे आहे, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. तो विचारला जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाची देवळे व घरांचे चौथरे उघडे पडतात आणि छायाचित्रकारांची झुंबड उडते. चित्र खरोखरच सुंदर असते. मात्र त्या चौकटीतून एक गोष्ट नेमकी गळलेली असते, ती म्हणजे माणूस. त्या चौथऱ्यावर कोणाची चूल पेटत होती आणि ते कुटुंब आज कोठे आहे, हे चित्र सांगत नाही. निर्मनुष्य निसर्ग हाच सुंदर निसर्ग, अशी एक अभिरुची मध्यमवर्गात रुजली आहे, आणि ती वाटते तितकी निरुपद्रवी नाही. चित्रात जो किनारा रिकामा दिसतो, तोच उद्या निविदेत ‘उपलब्ध जागा’ म्हणून छापला जातो.

वस्तुतः हा किनारा कधीच रिकामा नव्हता. येथील महादेव कोळी समाज नावाने कोळी असला तरी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर शेती करणारा आहे. जाळे आणि होडी हे त्याचे परंपरागत साधन नव्हे. धरण झाले, शेती बुडाली, आणि अनेक कुटुंबे दूरच्या लाभक्षेत्रात न जाता पाण्याच्या कडेने डोंगरात वर सरकली. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९७६ चा. साडेतेरा टीएमसी पाणी साठविणाऱ्या डिंभ्यासह कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी दूरदूरच्या तालुक्यांत ऊस उभा केला. डिंभ्याच्या काठावर सरकलेल्यांना मात्र जगण्याचे साधन स्वतःच घडवावे लागले.

त्यांनी ते घडविले. ज्यांनी कधी वल्हे धरले नव्हते ते वल्हवायला शिकले, जाळी विणायला शिकले आणि मासेमारीची सहकारी संस्था उभी करते झाले. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळावर त्यांनी गाळपेर केली. डोंगरउतारावर एकमेकांच्या श्रमाने दगडी बांध घालून भाताची खाचरे तयार करण्याची ‘पडकई’ची जुनी रीत त्यांनी पुन्हा उभी केली. या कामात त्यांच्यासोबत राहिलेल्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. पावसाळ्यात छायाचित्रकार ज्या हिरव्या पायऱ्या भक्तिभावाने टिपतात, त्या निसर्गाच्या कलाकृती नसून या श्रमाची फळे आहेत.

आता अर्थशास्त्राचा प्रश्न. रिकार्डोने दोन शतकांपूर्वी दाखवून दिले की जमिनीच्या मालकाला मिळणारा खंड हा त्याच्या श्रमाचा मोबदला नसतो. जमिनीच्या गुणांमुळे आणि समाजाच्या गरजेमुळे तो आपोआप निर्माण होतो. धरणाकाठच्या देखाव्याला आज जी किंमत आली आहे, ती याच जातीचा खंड होय. सार्वजनिक पैशाने धरण बांधले गेले, विस्थापितांच्या जमिनीवर पाणी साठले, आणि या दोहोंच्या संयोगातून देखावा जन्मला. तंबू ठोकणाऱ्या वा होड्या भाड्याने देणाऱ्या कंत्राटदाराचा त्यात कोणता वाटा? भाड्यातील जो भाग त्याच्या भांडवलाचा व कष्टाचा असेल तो त्याने खुशाल घ्यावा. उरलेला, देखाव्याचा भाग मात्र त्याचा नव्हे. त्यावर पहिला हक्क बुडालेल्या गावांचा आहे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की होडीने पाणी संपत नाही, मग मच्छीमाराचे जाते काय? हा युक्तिवाद करणाऱ्याने जलाशयावर एक रात्र काढावी. जाळी सायंकाळी लावली जातात आणि पहाटे काढली जातात. छायाचित्राला हवा असलेला कोवळा प्रकाश आणि जाळी उचलण्याची वेळ एकच. यांत्रिक होडी जाळ्यावरून गेली तर एका फेरीत कुटुंबाचे भांडवल फाटते. मत्स्यबीज सोडण्याचा खर्च संस्थेने करावयाचा, पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवून झीज सोसायची, आणि पाण्याची मोकळीक मात्र परक्याने भोगायची, हा कोणता न्याय? काठाची गोष्ट तीच. तंबूंना जी सपाट जागा हवी असते, तीच गाळपेरीची जमीन असते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. पर्यटनाने स्थानिकांना कामे मिळतील, हे खरे. परंतु कोणती कामे? भांडी घासण्याची, सामान वाहण्याची आणि रात्री पहाऱ्याची. ज्यांनी सहकारी संस्था चालवून दाखविली त्यांना त्यांच्याच पाण्यावर मजूर करणे याला विकास म्हणत असतील, तर त्या शब्दाचा अर्थ तपासला पाहिजे. मुळशीचे उदाहरण दूर नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी गेल्याच. शंभर वर्षांनंतर त्याच जलाशयाच्या काठी धनिकांचे बंगले आणि विश्रामधामे उभी आहेत, आणि ‘तळ्याचे दर्शन’ हा तेथे विक्रीचा माल झाला आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. अप्रशिक्षित माणसाच्या हाती पर्यटकांचे प्राण देता येत नाहीत. परंतु यावरून काठावरच्या तरुणाला बाद ठरविण्याऐवजी त्याला प्रशिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. गोव्यात केंद्र शासनाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तेथे जीवरक्षकांचे प्रशिक्षण होते. जो तरुण रोज पहाटे या पाण्यावर असतो, ज्याला बुडालेल्या झाडांच्या खोडांची आणि घाटाकडून अचानक उतरणाऱ्या वाऱ्याची माहिती आहे, त्याच्याहून चांगला जीवरक्षक कंत्राटदार कोठून आणणार? प्रशिक्षण, जीवरक्षक जाकिटे आणि विमा यांचा भार सरकारने उचलावा. अन्यथा सुरक्षिततेचे नियम भांडवल नसलेल्यांना बाहेर ठेवण्याचे कुंपण होतील.

समाजवाद्यांनी स्वतःच्या चुकीकडेही पाहिले पाहिजे. कयाक व कॅमेरा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून कार्यकर्ते हा विषय झटकून टाकतात आणि मैदान कंत्राटदाराला मोकळे सोडतात. ही भूमिका चळवळीच्या परंपरेला धरून नाही. गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. इंग्लंडमध्ये १९३२ साली मँचेस्टर परिसरातील कामगारांनी किंडर स्काउट या डोंगरावर सामुदायिक प्रवेश करून जमीनदारांच्या मालकीला आव्हान दिले. डोंगर-पाणी पाहण्याचा अधिकार त्यांनी श्रमिकांचा अधिकार म्हणून मागितला होता. कयाकसुद्धा मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांचे उपजीविकेचे साधन होते. डिंभ्याच्या पाण्यावर गिरणगावातल्या वा पिंपरीच्या कामगाराच्या मुलाने होडी वल्हवावी, आणि तिचे भाडे विस्थापिताच्या संस्थेत जमा व्हावे, यात समाजवादाला विरोधी असे काय आहे?

कॅमेऱ्याविषयीही तेच. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही, हे आधी लक्षात आले ते एसटीच्या चालकाला. तो रोज त्या रस्त्याने जात होता आणि त्याला तेथे गाव दिसत असे, नुसता देखावा नव्हे. छायाचित्रकाराने ही दृष्टी उसनी घ्यावी, एवढेच मागणे आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. बाधित गावांच्या ग्रामसभांच्या संमतीवाचून या तिन्ही जलाशयांवर नौकाविहाराचा परवाना वा काठाची जागा कोणालाही देऊ नये. पहिला हक्क विस्थापितांच्या सहकारी संस्थांचा असावा. जाळ्यांचे क्षेत्र व वेळा होड्यांसाठी वर्ज्य ठराव्यात. गाळपेरीची जमीन भाडेपट्ट्याने देऊ नये. प्रवेशशुल्काचा निश्चित हिस्सा अपुऱ्या राहिलेल्या पुनर्वसनावर खर्च व्हावा. १९९६ च्या पेसा कायद्यात केवळ लहान जलसाठ्यांचा उल्लेख आहे, असे अधिकारी सांगतील. अक्षरार्थाने ते बरोबर आहे. परंतु लहान तळ्यावर ज्या ग्रामसभेचा अधिकार मान्य होतो, तिचे गाव गिळणाऱ्या मोठ्या पाण्यावर तिला शब्दही नसावा, ही विसंगती कायद्याने दूर करावयाची आहे, आणि त्यासाठी दबाव निर्माण करणे हे पक्षाचे काम आहे.

डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिलेले आहे. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या रस्त्यावर परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. त्याचे नाव मिरविणाऱ्या पाण्यावर त्याच्याच तालुक्यातील माणसे उपरी ठरणार असतील, तर नामफलक काढून टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर निविदा निघण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी काठावरच्या प्रत्येक ग्रामसभेत जाऊन ठराव करून घेतले पाहिजेत. निविदा निघाल्यानंतरचा मोर्चा फार उशिराचा असतो.